मुक्काम पोस्ट व्हॅलेन्सिया

मित्रांनो, आई किंवा बाबा बदलीच्या नोकरीत असले की काय होतं, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना चांगलं ठाऊक असेल. भांडीकुंडी खोक्यांत जातात, शाळेचा दाखला काढला जातो, गल्लीतली मुलं ट्रकपर्यंत सोडायला येतात. मग नवं गाव, नवी शाळा, नवे चेहरे! पहिले आठ-पंधरा दिवस तर संध्याकाळी खेळायला कुणाकडे जायचं, हाच मोठा प्रश्न असतो.

आता समजा, ही बदली नाशिकहून नागपूरला झाली नाही. ती थेट स्पेन देशातल्या व्हॅलेन्सिया शहरात झाली आणि तीही चांगली वर्षभरासाठी, तर?

चार दिवसांच्या सहलीला गेलं की मोठमोठ्या इमारती पाहायच्या, फोटो काढायचे आणि परत यायचं. वर्षभर राहायचं म्हणजे मात्र दूध, भाजी, शाळा, केस कापणं, सगळं तिथंच. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे शेजार! शेजार जमला नाही, तर कितीही सुंदर शहर असो, घर खायला उठतं. म्हणून आज आपण व्हॅलेन्सिया बघू या ते पाहुण्यांसारखं नाही, तर तिथं बिऱ्हाड थाटायला निघालेल्या कुटुंबासारखं.

नकाशा काढा पाहू. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, भूमध्य समुद्राच्या काठी हे शहर सापडेल. माद्रिद आणि बार्सिलोना यांच्यानंतरचं हे स्पेनमधलं तिसरं मोठं शहर. वस्ती सुमारे आठ लाख. रोमन लोकांनी ते इ. स. पूर्व १३८ मध्ये वसवलं, म्हणजे वय झालं एकवीसशे वर्षांहून जास्त! आपण 'व्हॅलेन्सिया' म्हणतो, पण तिथं कुणी त्याला 'बालेन्थिया' म्हणतं, तर कुणी 'बालेन्सिया'. असं का, ते पुढं कळेलच.

जिन्यातला रामराम

व्हॅलेन्सियातली बहुतेक माणसं आपल्या मुंबई-पुण्यासारखी फ्लॅटमध्येच राहतात. खाली दारापाशी टपालाच्या पेट्या असतात. त्यांवरची नावं वाचा, म्हणजे पहिली गंमत कळेल. प्रत्येकाला दोन-दोन आडनावं! एक वडिलांकडचं, एक आईकडचं. लग्न झालं म्हणून तिथल्या बायका नाव बदलत नाहीत. त्यामुळे एकाच घरात आईचं आडनाव वेगळं, बाबांचं वेगळं आणि मुलांना दोघांचंही एकेक.

दुसरी गोष्ट लिफ्टची. लिफ्टमध्ये शिरताना 'ओला' किंवा 'बोन दिआ' म्हणायचं आणि बाहेर पडताना 'आस्ता लुएगो', म्हणजे 'बरंय, भेटू पुन्हा'. समोरच्याला तुम्ही ओळखत नसलात तरीसुद्धा! गप्प उभं राहणं तिथं चांगलं दिसत नाही. बस, एवढे दोन शब्द आले की पहिल्या आठवड्यातच जिन्यातली आजी तुम्हांला ओळखू लागते. शेजाऱ्याला स्पॅनिशमध्ये म्हणतात 'बेथिनो' आणि शेजारणीला 'बेथिना'.

तिसरी गोष्ट वेळेची. दुपारचं जेवण दोन ते तीनच्या सुमारास, मुलांचं मधल्या वेळचं खाणं साडेपाचच्या आसपास आणि रात्रीचं जेवण नऊनंतर! तेव्हा दुपारी तीन वाजता कुणाची बेल वाजवायची नाही, बरं का. खरा गाव जागा होतो तो संध्याकाळी. चौकातल्या बाकांवर आजी-आजोबा बसतात, मुलं चेंडू खेळतात आणि उन्हाळ्यात तर रात्री दहापर्यंत कुणी 'घरी चला' म्हणत नाही.

इथं एक गोष्ट आई-बाबांनीही लक्षात ठेवावी. आपल्याकडे ओळख झाली की आपण लगेच 'या ना चहाला' म्हणतो. तिथं माणसं एकमेकांना घरी कमी आणि चौकात जास्त भेटतात. म्हणून कुणी घरी बोलावलं नाही, तर 'आपण त्यांना आवडलो नाही' असं मनात आणायचं नाही. आपणच खाली चौकात जाऊन बसायचं!

शेवटचा कोण?

शनिवारी सकाळी आईबरोबर पिशव्या घेऊन निघायचं ते 'मेर्कादो सेंत्राल' या मंडईत. १९२८ साली उघडलेली ही मंडई लोखंड, काच आणि रंगीत फरशांची आहे. घुमटावरच्या वातकुक्कुटाच्या जागी चक्क पोपट आहे. आतल्या गलबल्याशी जुळणारा पक्षी म्हणा ना!

पण गाळ्यासमोर गेलात की गोंधळून जाल. रांगच नाही! लोक आपापले इकडेतिकडे उभे. मग नंबर कळतो कसा? अगदी सोपं. नव्यानं आलेल्यानं मोठ्यानं विचारायचं, 'किएन एस एल उल्तिमो?' म्हणजे 'शेवटचा कोण?' कुणी तरी हात वर करतं. त्याच्यानंतर तुम्ही. आता पुढचा माणूस येऊन हाच प्रश्न विचारेल, तेव्हा हात तुम्ही वर करायचा. दिसत नसली तरी रांग पक्की असते आणि ती फक्त एकमेकांवरच्या विश्वासावर चालते. शिवाय अनोळखी माणसाशी बोलायला हे छान निमित्त!

मंडईत संत्र्यांचे ढीग लागलेले असतात. त्यांना म्हणतात 'नारान्खा'. ओळखीचा वाटतो ना शब्द? आपला 'नारिंग'च तो! संस्कृतातला 'नारंग' इराणात गेला, तिथून अरबांकडे आणि अरबांबरोबर स्पेनला पोचला. साखरेला स्पॅनिशमध्ये 'आथुकार' म्हणतात. तोही आपल्या 'शर्करे'चाच लांबचा नातू. आठव्या शतकापासून १२३८ पर्यंत व्हॅलेन्सियावर अरबी भाषिक मुसलमानांचं राज्य होतं. संत्रं, ऊस आणि भात ही पिकं त्याच काळात इथं रुजली. म्हणजे अनोळखी गावातही आपल्या नात्यातले शब्द आधीच जाऊन राहिलेत! मात्र रस्त्याकडेच्या झाडाचं संत्रं तोडून तोंडात टाकू नका हं. ती झाडं शोभेची, फळ कडूजहर.

बाजार झाला की 'ओर्चाता' प्यायचं. 'चुफा' नावाचे छोटे कंद भिजवून, वाटून, गाळून, साखर घालून केलेलं हे पांढरंशुभ्र थंड पेय दुधासारखं दिसतं, पण त्यात दुधाचा थेंब नसतो. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा असतो ना, त्याच जातकुळीतलं हे रोप.

एका शाळेत दोन भाषा

आता शाळेचं पाहू. स्पेनमध्ये ६ ते १६ वर्षांच्या प्रत्येक मुलानं शाळेत जायलाच हवं. सरकारी शाळेत फी नसते. पण त्याआधी बाबांना नगरपालिकेत जाऊन 'पाद्रोन' या नोंदवहीत घरातल्या सगळ्यांची नावं आणि पत्ता लिहून यावं लागतं. एकदा तिथं नाव लागलं की तुम्ही त्या गावचे रहिवासी. शाळेत जागा मिळवायला तो कागद लागतो.

सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू झाले की दुसरा धक्का! फळ्यावर स्पॅनिश असतं, तशी आणखी एक भाषाही असते. तिचं नाव 'बालेन्सिआ', म्हणजे व्हॅलेन्सियाची स्वतःची भाषा. स्पॅनिशमध्ये 'बुएनोस दिआस', तर हिच्यात 'बोन दिआ'. शहराच्या नावाचे दोन उच्चार कुठून आले, ते कळलं ना आता? जनरल फ्रँकोच्या हुकूमशाहीत ही भाषा शाळांमधून हद्दपार झाली होती. फ्रँको १९७५ मध्ये वारला आणि १९८३ च्या कायद्यानंतर ती पुन्हा शाळेत शिकवली जाऊ लागली. म्हणून तुम्ही नुसतं 'बोन दिआ' म्हटलंत, तरी कितीतरी म्हाताऱ्या चेहऱ्यांवर हसू उमटतं. हा परका पोर आपली घरची भाषा बोलतोय, याचा तो आनंद!

आणखी काही गमती. बाईंना 'बाई' म्हणायचं नाही. सरळ नावानं हाक मारायची! स्पॅनिशमध्ये प्रश्नचिन्ह वाक्याच्या शेवटी असतं आणि सुरुवातीलाही असतं, पण उलटं करून. वाढदिवसाला मित्र कान ओढतात, जितकी वर्षं तितक्या वेळा! आणि शाकाहारी मंडळींसाठी सूचना: शाळेत जेवायचं असेल तर 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. 'मासळीही नको' हे वेगळं सांगा, नाहीतर ताटात मासा यायचा!

गुरुवारची पंचायत

एखाद्या गुरुवारी सुट्टी मिळाली, तर दुपारी बाराच्या आधी मोठ्या चर्चच्या 'प्रेषितांच्या दारा'पाशी जाऊन उभे राहा. दारासमोर गोलाकार खुर्च्या मांडलेल्या असतात. बाराचे टोले पडले की काळे डगले घातलेली आठ माणसं येऊन बसतात. ही आहे व्हॅलेन्सियाची पाण्याची पंचायत!

शहराभोवतीच्या मळ्यांना तुरिया नदीचं पाणी पाटांनी मिळतं. असे आठ पाट आणि प्रत्येक पाटाच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेला एकेक पंच. दंडधारी शिपाई एकेका पाटाचं नाव घेऊन पुकारा करतो, 'अमुक पाटावरचे आरोपी हजर व्हा!' कुणी आपली पाळी नसताना पाणी घेतलं, कुणी पाट साफ केला नाही, कुणाच्या निष्काळजीपणानं शेजाऱ्याच्या शेतात पाणी शिरून पीक कुजलं, असे हे तंटे. वकील नाहीत, कागदपत्रं नाहीत, सगळं तोंडी. निकाल तिथल्या तिथे आणि तोच शेवटचा. आरोपी ज्या पाटावरचा असेल, त्या पाटाचा पंच निकालात भाग घेत नाही. आहे की नाही हुशारी?

ही पंचायत जवळजवळ हजार वर्षं चालत आली आहे, असं मानतात. युनेस्कोनं २००९ मध्ये तिला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. इथला मूळ नियम फार साधा आहे. नदीला पाणी कमी आलं, तर सगळ्यांचाच वाटा त्या प्रमाणात कमी होतो. एकाचा मळा हिरवा आणि दुसऱ्याचा वाळलेला, असं चालत नाही. आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर 'फड' पद्धत होती. तिथंही गावकरीच पाणी वाटून घेत आणि पाटकरी ते शेताशेतात पोचवत. पाण्यानं माणसांना भांडायला लावलं, तसंच एकत्र बसायलाही शिकवलं!

पुष्कळ गुरुवारी तक्रारच नसते. मग पाच-दहा मिनिटांत पंचायत उठते. पण पंच मात्र येऊन बसतातच.

नदी गेली, बाग आली

चर्चपासून थोडं चालत गेलात, की जुने भक्कम दगडी पूल दिसतात. पण खाली डोकावून पाहा. पाणीच नाही! झाडं, हिरवळ, सायकली, फुटबॉलची मैदानं. नदी गेली कुठे?

पुण्यातल्या आजी-आजोबांना १९६१ चा पानशेतचा पूर आठवतो, तसा व्हॅलेन्सियाच्या आजी-आजोबांना १४ ऑक्टोबर १९५७ चा तुरियाचा पूर. त्या दिवशी नदी शहरात शिरली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पुढं सरकारनं शहराच्या दक्षिणेला सुमारे बारा किलोमीटर लांबीचं नवं पात्र खणून नदी तिकडे वळवली. जुनं पात्र मोकळं झालं, तेव्हा तिथून मोठा मोटाररस्ता काढायचं घाटत होतं. पण गावकरी उठले. 'पात्र आमचं आहे आणि आम्हांला ते हिरवं हवं' अशी त्यांची घोषणा होती. शेवटी रस्ता रद्द झाला आणि बाग झाली. १९८६ पासून खुली होत गेलेली ही बाग आज सुमारे नऊ किलोमीटर लांब आहे!

याच बागेत १९९० पासून एक महाकाय गलिव्हर आडवा पडलाय. सत्तर मीटर लांब! त्याच्या केसांवरून, हातांवरून, अंगरख्याच्या चुण्यांवरून घसरत खाली यायचं. वरून पाहिलं तर मुलं खरोखर लिलिपुटमधली माणसं वाटतात. भाषा न येणाऱ्या मुलाला मित्र मिळवायला याहून चांगली जागा नाही, कारण घसरगुंडीला व्याकरण लागत नाही!

बांधायचं ते जाळण्यासाठी

मार्च आला की सगळं शहर वेडं होतं. कारण 'फायास'! हा सण म्हणजे आपला गणेशोत्सव, होळी आणि दिवाळी, तिन्ही एकत्र आले असं समजा. दर दोन-चार गल्ल्यांचं एक मंडळ असतं. शहरात अशी साडेतीनशेहून जास्त मंडळं आहेत. वर्षभर वर्गणी जमवायची, मंडळाच्या खोलीत बैठका घ्यायच्या आणि मार्चमध्ये चौकात लाकूड, कागद, थर्मोकोल यांच्या बाहुल्यांचा उंचच उंच देखावा उभा करायचा. त्यात पुढाऱ्यांची, फॅशनची, साऱ्या जगाची टिंगल! प्रत्येक मंडळाचा मुलांसाठी वेगळा छोटा देखावा असतो आणि मुलांचं स्वतःचं मंडळ, त्याचा छोटा अध्यक्षसुद्धा.

१ ते १९ मार्च रोज दुपारी दोन वाजता नगरपालिकेच्या चौकात फटाक्यांची 'मास्क्लेता' होते. ती बघायची नसते, ऐकायची असते. पायाखालची जमीन थरथरते! भोपळा घातलेल्या गरमागरम तळलेल्या कड्या चॉकलेटात बुडवून खायच्या. आपल्या घारग्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. आणि १९ मार्चच्या रात्री? आधी मुलांचे आणि मग मोठ्यांचे, सगळे देखावे पेटवून देतात! अग्निशमन दलाचे जवान शेजारच्या भिंतींवर पाणी मारत उभे असतात. वर्षभराची मेहनत अर्ध्या तासात राख. बारकी पोरं रडतातसुद्धा. लोकांनी मतं देऊन निवडलेली बाहुली मात्र वाचते आणि संग्रहालयात जाते. ही चाल १९३४ पासूनची.

विसर्जनाच्या रात्री आपला घसा दाटून येतो, तसंच हे. गंमत देखाव्यात कमी आणि तो वर्षभर मिळून करण्यात जास्त. म्हणून वर्षभरासाठी आलेल्या कुटुंबानं काय करावं? गल्लीतल्या मंडळाचं दार ठोठवावं आणि सभासद व्हावं!

झाडू घेऊन निघालेले शेजारी

हा शेजारधर्म नुसता सणापुरताच आहे का? याचं उत्तर अलीकडेच मिळालं, पण फार मोठी किंमत मोजून.

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हॅलेन्सियाच्या परिसरात भयंकर पाऊस झाला. नदीच्या नव्या पात्रामुळे मुख्य शहर वाचलं. पण त्या पात्राच्या दक्षिणेला पायपोर्ता, काताररोखा, आल्फाफार अशी गावं आहेत. तिथं ओढे फुटले आणि काही मिनिटांत रस्त्यांचे प्रवाह झाले. मोबाइलवर धोक्याचा इशारा आला, तेव्हा अनेकांच्या घरात पाणी शिरलेलं होतं. त्या पुरात व्हॅलेन्सिया प्रांतात दोनशे वीसहून अधिक माणसं गेली.

मग काय झालं, ऐका. पुढच्या दिवसांत शहरातली हजारो माणसं, विशेषतः कॉलेजची मुलंमुली, झाडू, फावडी, बादल्या आणि पिण्याचं पाणी घेऊन पायी निघाली. नव्या पात्रावर एक पादचारी पूल आहे. तो ओलांडून रोज माणसांची रीघ लागली. घराघरांतला चिखल त्यांनी उपसला, म्हाताऱ्यांना औषधं पोचवली. काही फायास-मंडळांच्या खोल्यांत वर्गणीऐवजी कपडे आणि धान्य जमू लागलं. लोक त्या पुलाला 'एकजुटीचा पूल' म्हणू लागले.

यात विचार करण्यासारखं आहे. पूल एका दिवसात कामाला आला, पण त्यावरून चालायची सवय एका दिवसाची नव्हती. मंडईतली न दिसणारी रांग, गुरुवारची पंचायत, गल्लीतलं मंडळ, लिफ्टमधलं 'ओला', या सगळ्यांनी ती रोज थोडी थोडी लावली होती.

आज व्हॅलेन्सियाच्या जुन्या वस्त्यांत एक काळजी आहे. पुष्कळ घरं चार दिवसांच्या पर्यटकांना भाड्यानं दिली जातात. भाडी वाढतात आणि पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांना दूर जावं लागतं. रोज नवा चेहरा येणाऱ्या जिन्यात 'आस्ता लुएगो' कुणाला म्हणायचं? लोकांनी यासाठी मोर्चेही काढले आहेत. म्हणून नव्यानं राहायला आलेलं कुटुंब थांबतं, नावं लक्षात ठेवतं, मंडळात वर्गणी देतं, तेव्हा त्या जिन्यालाही बरं वाटत असेल, नाही का?

तेव्हा दोस्तांनो, बदली व्हॅलेन्सियाला होवो, वर्ध्याला होवो की शेजारच्या गल्लीत, पहिल्याच दिवशी तीन गोष्टी करा. तिथल्या भाषेत नमस्कार म्हणायला शिका. मुलं कुठल्या मैदानात खेळतात ते शोधून काढा. आणि रांगेत शेवटचा कोण, ते मोठ्यानं विचारा. आणि हो, तुमच्या वर्गात या जूनमध्ये कुणी नवीन मूल दाखल झालं असेल, तर 'ओला' म्हणायची पाळी तुमची आहे!

आस्ता लुएगो!